सिमेंटची मांडी

तुर्भ्याला आमच्या सेक्टरच्या बागेत एक भलीमोठी सिमेंटची बाई बसवली होती. लोकांना आराम मिळावा म्हणूनच शिल्पकाराने ती घडवली होती. तिच्या पाठीला टेकून बसावं, वेणीची साखळी ओढली की मागच्या हातातून प्यायला पाणी यावं. आणि पुढे मांडीत, तान्हं बाळ निजेल एवढा खळगा, कडेला कठडा. थंडीच्या सकाळी तो खळगा उन्हाने छान ऊबदार व्हायचा.

घरात अंथरुणाला पाठ लागू न देणारी माझी सुनयना त्या मांडीत मात्र लगेच झोपायची. कुणीतरी बाईला कुंकू लावलं होतं. मला हसू आलं होतं.

त्या दिवशी वाण्याकडून तांदूळ घेऊन येताना सुनयनाला तिथे निजवलं आणि पाणी प्यायला मागे गेले. साखळी ओढली, चार ओंजळी प्यायले, तोंडावर पाणी मारलं. पुढे आले.

मांडी रिकामी.

मी खळगा चाचपत राहिले, जशी काही ती सिमेंटात मुरली असेल. दुपटंही नव्हतं. कठड्याखाली पाहिलं, गवतात पाहिलं. फाटकाबाहेर ट्रक धडधडत होते. पहिलं बाळ गेलं तेव्हाही मी असाच रिकामा पाळणा चाचपला होता.

मग एकदम किंचाळले, "सुनयनाऽ!"

"अगं, वरडतीस कशाला? पोर दचकंल न्हवं!"

कोपऱ्यातल्या मारुतीकडून आमच्या तळमजल्यावरच्या मुक्ताबाई येत होत्या. सुनयना त्यांच्या पदरात.

"देवीच्या वटीत घातलीस, मग आयनं उचलायची न्हाई. दुसरीनं उचलायची, देवाच्या पायावर घालायची, आन् आयनं धान्य दिऊन इकत घ्यायची. पयलं गेलं आसंल तर आमच्या साताऱ्याकडं आसंच करत्यात."

"अहो, देवी कुठली? बाकडं आहे ते!"

"बाकड्याला मांडी आसती व्हय?"

मी झेपावले. त्यांनी खांदा वळवला. "आदी मूठभर तांदूळ."

नाही म्हणायचं धाडस होईना. पिशवी दातांनी फाडली आणि सगळीच त्यांच्या ओटीत उपडी केली.

"मूठभर म्हनलं, येडे!"

सुनयना हातात आली. तिला घट्ट धरून मी त्या मांडीतच बसले. ती अजून झोपलेली होती. मी तिच्या नाकाशी बोट धरलं, आणि कितीतरी वेळ काढलंच नाही.