दोघांनी बघायचा सूक्ष्मदर्शक

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. गुडगावातल्या एका मोठ्या इस्पितळाच्या तळघरात, मोडक्या खुर्च्या आणि प्रिंटरच्या रिकाम्या खोक्यांच्या मागे मी गेली कित्येक वर्षं पडून आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत माझे भाऊबंद असतील. पण त्यांच्यात एका वेळी एकच माणूस डोकावतो. मला नेत्रिकांच्या, म्हणजे डोळे लावायच्या नळ्यांच्या, दोन जोड्या आहेत, समोरासमोर. दोन माणसांनी एकाच वेळी एकच गोष्ट बघावी, म्हणूनच मला घडवलं गेलं. अशाला एकटं ठेवलं की त्याचं काय होतं, ते मला विचारा.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथे सूक्ष्मदर्शक बनवणारी कितीतरी घरं आहेत. एका घरात माझी पितळी चाकं कातली गेली, दुसऱ्या घरात भिंगं घासली गेली, आणि तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या कारागिराने मला जोडलं. त्याने माझ्या लाकडी पेटीला एक छोटा खणही केला, भिंगं पुसायचे कागद ठेवायला. मग गवताच्या गादीत झोपवून मला ट्रकने दिल्लीला धाडलं. पानिपतला ट्रकवाले चहाला उतरले, तेवढाच काय तो माझा प्रवासातला मुक्काम.

दिल्लीच्या सरकारी इस्पितळात मी नऊ वर्षं राबलो. दरम्यान देशाची दारं उघडली, असं सगळे म्हणू लागले. उघडली खरी, आणि आमच्या खोलीत तरी त्यातून पहिले आत आले ते विलायती सूक्ष्मदर्शक! गोरेगोमटे, गुळगुळीत. त्यांच्यापुढे मी कुणाच्या खिजगणतीत राहिलो नाही. एक दिवस मला भंगाराच्या लिलावात मांडलं. तिथून मला उचललं ते डॉ. वैजयंतीने. दिल्लीतच वाढलेली ही मराठी बाई माझ्याच भिंगांतून पहिल्यांदा यकृत बघायला शिकली होती. गुडगावात तेव्हा मोहरीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. तिथल्या एका नव्या इस्पितळात ती रुजू झाली, आणि मला मांडीवर घेऊन गेली.

तिचं संशोधन यकृतावर होतं. मित्रांनो, यकृत हा मोठा दिलदार अवयव आहे. जिवंत माणसाने त्यातला मोठा भाग कापून दुसऱ्याला दिला, तरी काही आठवड्यांत दोघांकडे ते पुन्हा वाढतं. पण देणाऱ्याच्या यकृतात चरबी फार असेल तर देणारा आणि घेणारा दोघांच्याही जिवाला धोका. म्हणून आधी सुईने दोऱ्याएवढा तुकडा काढतात आणि त्याची स्लाइड करतात. चरबी असेल तिथे गोल, रिकामी भोकं दिसतात. शंभरात किती चरबी, हा आकडा डोळ्यांनी ठरवायचा. त्या आकड्यावर कुणाचं ऑपरेशन होई, कुणाचं राही.

आणि डोळा फसतो, हे वैजयंतीला ठाऊक होतं. म्हणून तिने एक रीत पाडली होती. मुख्य जागेवर ती बसायची, समोर शिकायला आलेला डॉक्टर. दोघांनी बघायचं, बोलायचं नाही, आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून ती पालथी ठेवायची. मग ती म्हणायची, "चलो, उलटा." आधी चिठ्ठी, मग तोंड. कारण आपल्याकडे मोठं माणूस एकदा बोललं की धाकट्याला तेच दिसायला लागतं. ती सगळ्या चिठ्ठ्या वहीत डकवायची. दोन माथी माझ्यावर ओणवी, मध्ये कागदाची सरसर. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात भरलेला काळ होता.

दोन हजार चार सालचा हिवाळा. तेव्हा समोरच्या खुर्चीवर हेरंब बसायचा. परभणीकडचा मुलगा, दिल्लीच्या मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहायचा, बोलताना जमिनीकडे बघायचा. नजर मात्र पक्की होती. मला कळायचं ना, कोण नुसता बघतो आणि कोणाला दिसतं ते.

त्या आठवड्यात श्याम नावाचा एक गृहस्थ वरच्या मजल्यावर दाखल होता. काविळीच्या जुन्या विषाणूने त्याचं यकृत दगडासारखं झालं होतं. त्याची धाकटी बहीण प्रभा पानिपतहून आली होती. रक्तगट जुळला, बाकी सगळं जुळलं. राहिली होती तिच्या यकृतातली चरबी.

एरवी तुकडा मेणात बसवून दुसऱ्या दिवशी पक्की स्लाइड होते. पण श्यामची तब्येत ढासळत होती. म्हणून अर्धा तुकडा गोठवून तासाभरात कच्ची स्लाइड केली, उरलेला अर्धा पक्क्या स्लाइडसाठी गेला. वैजयंतीला संध्याकाळी मुंबईला परिषदेला जायचं होतं, खाली गाडी उभी होती. तिने उभ्याउभ्याच माझ्यात डोकावलं.

"अरे देवा, चाळीस तरी आहे. हेरंब, लिही, चाळीस. दाता चालणार नाही."

समोरून बघणाऱ्या हेरंबने पेन उचललं होतं. चिठ्ठी कोरीच राहिली. "हो मॅडम," तो म्हणाला.

मित्रांनो, ती चरबी नव्हती. वॉर्डातल्या सिस्टरने तुकडा सुकू नये म्हणून मायेने तो ओल्या कापडात ठेवला होता. ते पाणी गोठून बर्फाचे कण झाले आणि कणांनी भोकं पाडली. चरबीची भोकं गोल असतात, ही वेडीवाकडी होती. हेरंबची नजर त्यांच्यावरच अडखळली होती, मला जाणवलं. पण रीत मोडली ती मोठ्या माणसाने, आणि धाकटा गप्प बसला.

प्रभा दारातच उभी होती. "मॅडम, मी चालेन, उपाशी राहीन. चरबी कमी होईल ना?"

"होईल. दोन महिने लागतील."

"आणि दादा?"

वैजयंतीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तेवढे दिवस दादाकडे नाहीत, प्रभा."

दुसऱ्या दिवशी पक्की स्लाइड आली. खोलीत हेरंब एकटा होता. मुख्य खुर्ची रिकामी असून तो तिच्यावर बसला नाही. आपल्याच खुर्चीवर बसून, हात लांबवून स्लाइड सरकवत त्याने ती शेवटपर्यंत बघितली. शंभरात दहा. फार तर दहा. त्याने फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. अहवालावर मॅडमची सही झाली होती. शेवटी त्याने एका चिठ्ठीवर 'दहा' लिहून खाली आपलं नाव घातलं, घडी केली आणि माझ्या खणात सारली. ती उलटायला समोर कुणी नव्हतं.

त्यानंतरचे चार दिवस मी आणि ती चिठ्ठी. मला सगळं ठाऊक होतं आणि मला तोंड नव्हतं. इतकं एकटेपण मी आज तळघरातही भोगत नाही.

पाचव्या दिवशी वैजयंती परतली. भिंग पुसायला कागद हवा म्हणून तिने खण उघडला.

"हेरंब, हे काय?"

"मॅडम... पक्की स्लाइड. मी बघितली होती."

"कधी?"

"तुम्ही गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी."

ती मुख्य खुर्चीत बसली, समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. दोघांनी बघितलं. दोघांनी लिहिलं. चिठ्ठ्या उलटल्या. दहा आणि दहा.

"मी आधी बोलले, माझी चूक," ती म्हणाली. "पण तू का नाही बोललास, यार? मी काय तुला खाल्लं असतं?" हेरंब रडायला लागला. तिने त्याला रडू दिलं नाही. "ते नंतर. आधी पानिपतला फोन लाव."

प्रभा पानिपतला गेली होती ती स्वतःला कोसत. चार दिवस ती जेवली नव्हती, पहाटे उठून मैलोन्‌मैल चालत होती. आपल्याच शरीराने भावाला दगा दिला, असं तिला वाटत होतं. ती त्याच संध्याकाळी आली. ऑपरेशन झालं, श्याम वाचला. पण त्या चार दिवसांत त्याच्या मूत्रपिंडांनीही हात टेकले होते, आणि त्याला उभं राहायला अर्धं वर्ष लागलं.

वैजयंतीने ही चूक लपवली नाही. दिल्लीतल्या डॉक्टरांच्या सभेत तिने ती स्वतः वाचून दाखवली. वहीत एक नवा रकाना आखला: आधी कोण बोललं. पुढे वर्षानुवर्षं ती वही तपासताना तिला एक गंमत दिसली. आकडे फारच छान जुळले असतील, तिथे बहुधा कुणीतरी आधी बोललेलं असे; म्हणून तिथेच तिला शंका येई.

वर्षभराने श्याम आणि प्रभा आमच्या खोलीत आले. वैजयंतीने दोघांना माझ्या दोन बाजूंना बसवलं आणि तीच पक्की स्लाइड लावली.

"प्रभे, हे गुलाबी गुलाबी तुझं?"

"माझं कुठलं, दादा? आता तुझं."

"बिल्कुल नाही. अर्धं तुझ्याकडेच आहे की!"

बराच वेळ दोघांपैकी कुणी मान वर केली नाही. माझ्या नेत्रिका ओल्या झाल्या होत्या, एका बाजूच्या की दोन्ही, ते मी सांगणार नाही.

मग संगणकाचे पडदे आले. स्लाइड यंत्रात घालायची आणि पडद्यावर बघायची. वैजयंती निवृत्त झाली. जाताना तिने माझ्यावर आवरण घातलं, खण नीट बंद केला. आता ती या जगात नाही, असं सामान ठेवायला आलेल्या माणसांच्या बोलण्यातून कळलं. हेरंब वर विभागप्रमुख आहे म्हणे. त्याच्या समोर कुणी बसतं का, मला ठाऊक नाही. माझ्या समोर तर कुणीच नसतं.

मित्रांनो, मला वर न्या, असा हट्ट मी धरत नाही. कधी खाली आलात तर आवरण नीट करा, धूळ भिंगांना खाते. आणि खण उघडून बघा. वहीत न डकवलेली ती चिठ्ठी अजून तिथेच आहे. 'दहा', खाली हेरंबचं नाव, आणि त्याखाली वैजयंतीने पेन्सिलने लिहिलेलं, 'हे मला तेव्हाच सांगायचं होतंस.' तुम्हाला दिसलेलं काही असं खणात ठेवू नका. ज्याला दुसऱ्या कुणी बोलण्याची वाट बघायची असते, त्याला चार दिवस फार असतात.