डावीकडची लाल रेघ

"विश्वेश, तुझ्या त्या सॉफ्टवेअरला सांग, निदान माणसांचे शब्द तरी खाऊ नकोस म्हणावं!"

दिवाकरराव हॉलमधल्या कॉम्प्युटरसमोर बसून ओरडले. विश्वेश दात घासत होता, तो तोंडात ब्रश घेऊनच वडिलांच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"हा गोरक्षचा लेख. एक ओळ धड नाही. 'म्हणाला की घाबरू नको.' कोण म्हणाला? पुढे, 'धरून उभा राहिला.' काय धरून? डावीकडून ओळी खातंय तुझं ते."

विश्वेशने पडद्याकडे पाहिलं. सगळ्या ओळी पूर्ण होत्या. ओळींच्या सुरुवातीवर बोट ठेवत तो तसं म्हणालाही.

"आता तू आलास म्हणून नीट दिसतायत. मघाशी नव्हत्या."

अंबडच्या एका कंपनीत कॉम्प्युटर दुरुस्त ठेवण्याची नोकरी विश्वेश वीस वर्षं करत होता आणि कोणी दाखवायला गेलं की बिघाड गायब होतो, हा त्याचा रोजचाच अनुभव. तो नुसतं "बघतो" म्हणाला आणि चूळ भरायला गेला.

आता या सॉफ्टवेअरबद्दल सांगायला हवं, कारण विश्वेशच्या आयुष्यात सांगण्यासारखं तेवढंच होतं. कॉम्प्युटरवर आपण एकेक काम उघडतो, तशी त्याची एकेक चौकट पडद्यावर येते. ती कुठे मांडायची, केवढी ठेवायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर त्याने सुट्टीच्या दिवशी बसून स्वतः लिहिलं होतं. त्याचं वैशिष्ट्य म्हणजे ते दिसायचंच नाही. वर पट्टी नाही, कोपऱ्यात फुली नाही, कडेला केसाएवढी रेघही नाही. जे काम हातात आहे तेवढंच पडद्यावर, बाकी सगळं पुसून साफ. नाव ठेवलं होतं 'ओटा'. "ओटा घासायचा मी आणि नाव मिरवायचं यांनी," असं आभा, त्याची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पाहुण्यांनी फारच आग्रह केला तर विश्वेश ओटा दाखवायचा. पाहुणे बराच वेळ पडद्याकडे बघायचे आणि म्हणायचे, "चालू कधी होणार?"

तरी परदेशातली, कधीही न भेटलेली काही माणसं ओटा रोज वापरायची. अमुक बटण घाला, तमुक रंग घाला, अशी विनवणी करायची. विश्वेश सगळ्यांना नम्रपणे नाही म्हणायचा. घरात भाजी कुठली करायची हेही ज्याला ठरवता येत नाही, तो माणूस या एका बाबतीत कोणाचं ऐकत नसे.

ही खोड वडिलांकडून आलेली. दिवाकररावांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात, कंट्रोल रूममध्ये झाली. विश्वेश लहान असताना एकदा त्यांच्याबरोबर तिथे गेला होता. दिव्यांची रोषणाई बघायला मिळेल म्हणून हरखून गेलेल्या पोराला तिथे गजराच्या दिव्यांचा भलामोठा फळा दिसला, आणि त्यावरचा एकही दिवा लागलेला नव्हता. त्याचा चेहरा पडलेला बघून दिवाकरराव म्हणाले होते, "काही दिसत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय. लाल लागलं की मात्र आधी तिकडे बघायचं, बाकी जग गेलं खड्ड्यात." विश्वेशला यातलं पहिलं वाक्य जन्मभर पुरलं.

श्रावणात दिवाकररावांना अर्धांगाचा हलका झटका आला. हात-पाय आठवड्यात सुधारले, बोलणं तर बिघडलंच नाही. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. दिवाकररावांनी दवाखान्यातून घरी आल्या आल्या एकच गोष्ट विचारली, ती म्हणजे दिवाळी अंकाचे लेख आले का. वीज केंद्रातले निवृत्त लोक दरवर्षी एक छोटासा अंक काढायचे. त्याचे संपादक, मुद्रितशोधक आणि जुळणी करणारे, सगळं दिवाकररावच. निवृत्तीनंतर सकाळी उठून दाढी करायला त्यांना तेवढंच कारण उरलं होतं.

विश्वेशने आठवडाभर ओट्याची ओळन् ओळ तपासली. चौकटीला कडा नाही, तेव्हा ती कदाचित डावीकडे पडद्याबाहेर सरकत असेल, असा त्याला संशय होता. पण काही सापडलं नाही.

तेवढ्या दिवसांत दिवाकररावांनी गोरक्षला फोनवर निरोप लिहून पाठवला होता : "अर्धी वाक्यं लिहून पाठवायला हा काय कोड्यांचा अंक आहे? दारू पिऊन लिहिलंस का?"

गोरक्ष देवरे मूळचा नामपूरचा, दिवाकररावांच्या पाळीतला. आयुष्यात थेंबाला न शिवलेला. आणि लेख होता सोमनाथवर. हे तिघं एका पाळीत एका डब्यात जेवलेले, आणि सोमनाथ उन्हाळ्यात गेला. गोरक्षने रडत रडत तो लेख सांगितला होता, सून रूपालीने टाइप केला होता. निरोप वाचल्यापासून त्याचं रोज संध्याकाळी चहाला येणं बंद झालं. मग निवृत्तांच्या मंडळातल्या बाकीच्यांमध्ये कुजबुज सुरू झाली, की दिवाकररावांचं डोकं आता चालत नाही, अंक यंदा दुसऱ्या कोणाकडे द्यावा. दसऱ्याला बैठक ठरली. त्याआधी अंक जुळवून दाखवला नाही, तर तो हातून जाणार होता.

रविवारी दुपारी जेवताना दिवाकरराव म्हणाले, "आभा, आजही लिंबू नाही?"

आभाने विश्वेशकडे पाहिलं. त्याला स्वयंपाकघरात बोलावून ती दबक्या आवाजात म्हणाली, "रोज हेच चाललंय. लिंबू नाही, मीठ नाही, चटणी नाही. ताटात सगळं वाढलेलं असतं रे! माझ्या हातचं नकोसं झालंय का त्यांना?"

विश्वेशने बाहेर येऊन पहिल्यांदाच वडिलांच्या ताटाकडे नीट पाहिलं. वरण-भाताचा उजवा अर्धा भाग संपलेला होता. डावा अर्धा सुरीने कापल्यासारखा तसाच होता. उजवीकडची भाजी पुसून खाल्लेली. डावीकडे लिंबू, मीठ, चटणी, कोशिंबीर, वाढलेलं जसंच्या तसं.

त्याने खाली वाकून ताट अर्धं फिरवलं.

"हां, आता कसं!" दिवाकरराव म्हणाले आणि त्यांनी लिंबू उचलून भातावर पिळलं. "मागितल्याशिवाय मिळत नाही या घरात."

विश्वेश गॅलरीत गेला. आठवडाभर तो स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड शोधत होता, आणि तो तिथे सापडला असता तर किती बरं झालं असतं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत, पण झटक्यानंतर मेंदू डाव्या बाजूची दखलच घेत नाहीये. काही सुटतंय हेसुद्धा त्यांना कळत नाही. तिथल्या वेदिका नावाच्या थेरपिस्टने उपाय सांगितला. पानाच्या डाव्या कडेला ठसठशीत लाल रेघ ओढा. रेघ सापडेपर्यंत नजर डावीकडे नेत राहायची, सापडली की तिथून वाचायला लागायचं. सवय लागायला वेळ लागेल, कदाचित लागणारही नाही.

परत येताना रिक्षात दिवाकरराव म्हणाले, "म्हणजे गोरक्षची वाक्यं पूर्ण होती?"

"हो, बाबा."

"मला तर सगळं दिसतंय रे."

घरी आल्यावर आभा म्हणाली, "बाबा, मी वाचून दाखवते सगळे लेख. दोन दिवसांत उरकू."

"संपादकाला वाचून दाखवायचं असेल तर संपादक हवा कशाला?" दिवाकरराव म्हणाले. "आणि गोरक्षला फोन करू नका. आधी मी त्याचा लेख वाचीन, मग त्याच्याशी बोलीन."

त्या संध्याकाळी विश्वेशने ओट्यात रेघ घातली. बारीक, राखाडी, डोळ्यांना न खुपणारी. दिवाकररावांना ती दिसलीच नाही. मग थोडी जाड केली, विटकरी केली. तरीही नाही.

आभा मागे उभी राहून बघत होती. "लाल करायला लाज वाटते का रे?" तिने विचारलं.

वाटत होतीच. पण त्याने बोटभर रुंद, कुंकवासारखी लालभडक रेघ पडद्याच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत ओढली. एवढ्या वर्षांची साफसफाई एका रेघेत गेली. दिवाकररावांनी मान हळूहळू डावीकडे वळवली. वळवत राहिले. मग थांबले.

"लाल लागलंय," ते म्हणाले. "मग आधी तिकडेच बघायला पाहिजे."

दसऱ्याच्या दोन दिवस आधीची गोष्ट. दिवाकररावांचा हुकूम मोडून आभाने गोरक्षला फोन करून सगळं सांगितलं होतं. संध्याकाळी तो आला. दार उघडंच होतं. चपला काढून तो आवाज न करता आत आला आणि नेहमीच्या खुर्चीत बसला. ती खुर्ची दिवाकररावांच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर होती. दिवाकररावांनी मान वर केली नाही. ते मोठ्याने वाचत होते, एकेक ओळ, दर ओळीला मान वळवून लाल रेघेपर्यंत जात.

"सोमनाथ… म्हणाला की घाबरू नको. माझा हात… धरून उभा राहिला. सगळे बाहेर पळाले तरी… तो तिथून हलला नाही."

लेख संपायला खूप वेळ लागला. गोरक्ष धोतराच्या सोग्याने डोळे पुसत बसला होता.

दिवाकररावांनी चष्मा काढला आणि ते उजवीकडे उभ्या असलेल्या विश्वेशला म्हणाले, "काय लिहिलंय रे या माणसाने! आणि मी त्याला दारुडा म्हणालो. आता तो कशाला येईल इकडे?"

विश्वेश बोलायला गेला, तोच गोरक्षने हाताने त्याला थांबवलं. तो उठला. हलक्या पावलांनी दारापर्यंत गेला, चपला पायात घातल्या, पुन्हा काढल्या, आणि या खेपेला उजव्या बाजूने येत मोठ्याने म्हणाला, "काय दिवाकरभाऊ! चहा मिळंल का नाय?"

दिवाकररावांचा चेहरा उजळला. "गोरक्ष! कधी आलास?"

"हा काय, आत्ताच. चपला काढल्या अन् आलो."

"बस. चहा होईल. त्याआधी तुला काहीतरी वाचून दाखवायचंय."

गोरक्ष उजवीकडच्या स्टुलावर बसला. दिवाकररावांनी चष्मा लावला, आणि मान डावीकडे वळवत ते पुन्हा रेघ शोधू लागले.