मी रिकामा जाणार नाही

मी सोनूबाईंचा डबा बोलतोय. स्टीलचा, गोल, झाकण मुळात जरा घट्ट. पोटावर टोचून नाव घातलंय: ‘सौ. सोनूबाई सीताराम गावडे, १९९१’. बोरीवलीची जागा घेतली त्या वर्षी नणंदेने मला आहेरात दिलं. भांड्यांवर नावं का घालतात? चोरी होऊ नये म्हणून, असं माणसं म्हणतात. माणसांना आधी चोरच आठवतो. खरं तर आम्ही शेजारी जातो आणि आम्हाला परत यायचं असतं, म्हणून नाव.

पूर्वी मी खूप हिंडलो. घावणे घेऊन जायचो, कोणाच्या तरी घरचे लाडू घेऊन यायचो. मग जुनी इमारत पाडून सात मजली झाली. लोकांनी दाराला दोन कुलपं आणि एक कॅमेरा लावला. माझं फिरणं संपलं. बारा वर्षं मी फळीवर बसून होतो, पोटात रबरबँड आणि जुन्या औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन.

मग सहाव्या मजल्यावर ग्रेस राहायला आली. युगांडाची, औषधांच्या कंपनीत नोकरीला, मराठी कामापुरती शिकलेली. लिफ्टमध्ये लोक तिच्याकडे बघत नसत; आणि हे न बघणं इतकं मन लावून चाले की मजले चुकत.

सोनूबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते भाजीच्या गाडीवर. ती एकेक कच्चं केळं बोटाने दाबून पारखत होती.

“पोरीक केळी कळतत,” असं सून उत्तरा हिला सांगून त्यांनी मला फळीवरून काढलं, घासलं, घावण्यांनी भरलं आणि वर पाठवलं.

तीन मजले वर म्हणजे माझा परदेशच. तिथे मिसळणाचा डबा नव्हता, मसाल्यांचे वास निराळे. ग्रेसने घावणे खाल्ले, बोटं चाटली, मला तीनदा घासलं आणि लखलखीत करून परत आणून दिलं. आत ‘थँक यू’ लिहिलेली चिठ्ठी. बाकी काही नाही.

“रिकामो?” सोनूबाईंनी झाकण उघडून पाहिलं. “चिमूटभर साखर तरी घालूची होती! माका तोडून टाकल्यान गो.”

बिचारीने आपल्या परीने मान राखला होता. पण ही बातमी दोन दिवसांत सेक्रेटरी नंदकुमारांपर्यंत गेली. ग्रेसचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. जागेचा मालक पुढे ठेवायला तयार होता. अडत होतं ते सोसायटीच्या ना हरकत पत्रापाशी.

“मी म्हणत होतो ना? त्यांना आपल्या रीती कळत नाहीत,” नंदकुमार लिफ्टमध्ये म्हणाले. याच लिफ्टमध्ये ते आदल्या आठवड्यात सांगत होते की त्यांच्या मुलीची, जान्हवीची कॅनडातली घरमालकीण तिला सूप करून देते, किती प्रेमळ बाई!

उत्तरा मला घेऊन सरळ वर गेली. “अगं, डबा रिकामा परत द्यायचा नसतो आमच्यात. रिकामा दिला म्हणजे संबंध संपला.”

ग्रेसने कपाळावर हात मारला. “संपला? मी तर धुतला!” आणि मला काढून घेतलं.

शनिवारी मी खाली आलो तो जड होऊन. आत वाफवून कुसकरलेली कच्ची केळी, वर शेंगदाण्याचं दाट कालवण. मागोमाग ग्रेस, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखी.

“माझो आज उपास,” सोनूबाई म्हणाल्या. उत्तराने कपाळाला आठ्या घातल्या. सोनूबाईंनी वास घेतला. “कांदो घातलंस?”

“सॉरी आजी, कांदा नव्हता. टोमॅटो पण नव्हता. फक्त केळी, शेंगदाणे, मीठ.”

“अगो, मग ह्या उपासाक चलता!” आणि त्या पाटावर बसल्याच.

त्यानंतर मी फळी पाहिली नाही. मी खाली-वर करू लागलो, मग बाहेरही. जोगेश्वरीची लेणी सोनूबाईंनी मुंबईतल्या पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. ग्रेसने एका रविवारी नेऊन दाखवली. थंडगार दगडावर बसून दोघींनी माझ्यातले घारगे खाल्ले.

“आजी, तुम्ही इथल्याच ना?”

“इथलीच म्हणान बघूचा रवला,” सोनूबाई म्हणाल्या.

सोसायटीची सभा पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखा एकच आणि तो अध्यक्षांकडे. ग्रेसचा विषय निघाला. भाडेकरूला बोलायचा हक्क नाही, म्हणून ती मागे उभी. सोनूबाई उठल्या आणि मला टेबलावर, ना हरकत पत्राच्या कोऱ्या कागदावर ठेवलं.

“नंदकुमार, उघड. चकल्या आहेत. मी आज हिला डबा देणार. ती तो रिकामा परत करणार नाही, आता तिला रीत कळते. तिने भरून दिला की मला भरून द्यावा लागणार. ह्यात तिने जायचं कधी, तारीख तू सांग.”

“आजी, हा मुद्दा होत नाही…”

“आणि त्या सुपाचं भांडं तुझ्या जान्हवीने काय घालून परत केलं रे?”

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. नंदकुमारांनी मला बाजूला सरकवलं आणि सही केली. चकली मात्र घेतली नाही, स्वाभिमानी माणूस.

तरी खालच्या नावांच्या पाटीवर त्यांनी ग्रेसला जागा दिली नाही. भाडेकरूंची नावं लावत नाहीत, नियम आहे. सोनूबाई मला पिशवीत घालून स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडे गेल्या. त्याची सुई थरथरली, मला गुदगुल्या झाल्या. आता त्यांच्या नावाखाली माझ्या पोटावर ‘ग्रेस’ आहे.

“कोणाची परवानगी?” नंदकुमारांनी विचारलं.

“डबो माझो,” सोनूबाई म्हणाल्या.

आज माझ्या बुडाला पोचा आहे, झाकण सैल झालंय. या क्षणी मी सहाव्या मजल्यावर आहे, उद्या तिसऱ्यावर असेन. तुमच्याही फळीवर माझं कोणी भावंड रबरबँड सांभाळत बसलं असेल. त्याला खाली काढा, घासा आणि समोरच्या दाराशी पाठवा. दार कोणाचं आहे ते विचारत बसू नका. आणि तुमच्या दारी मी आलोच, तर मला नुसता धुऊन पाठवायची हिंमत करू नका. मी जाणार नाही.