मी 'झालं' म्हटलं नव्हतं

मित्रांनो, मी एक जुनी कॅश आहे. लगेच हात पुढे करू नका, माझ्याकडे दमडी नाही. एका मोठ्या रुग्णालयाच्या मेनफ्रेम, म्हणजे सगळ्या विभागांना पुरणाऱ्या अवजड संगणकाची मी झटपट स्मृती. संगणक आणि डिस्क यांच्यामधल्या राखाडी कपाटात माझी पाटी बसवलेली आहे. म्हातारी झाले, पण माझी कीव करू नका. मला ते आवडत नाही.

कारखान्यात मला तापवून, गोठवून, हलवून पाहिलं आणि मग इथे आणलं. माझं काम सोपं आहे. तुमच्या घरी रोज लागणारे डबे हाताशी असतात आणि सठीसामाशी लागणारी भांडी माळ्यावर. डिस्क म्हणजे तो माळा. ती फिरते, शोधते, मग देते. जे पुन्हा पुन्हा लागतं ते मी जवळ ठेवते आणि मागताक्षणी देते. नोंदणीच्या खिडकीवर "अरे वा, विचारलं की हजर!" असं कौतुक व्हायचं. कौतुक संगणकाचं व्हायचं, धावाधाव माझी!

माझी काळजी घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. सगळ्या जुन्या नोंदींची प्रत काढायची वेळ आली की ताई त्या नोंदी माझ्यातून जाऊ देत नसत. "एकदाच लागणारं सामान हिच्यात कोंबलं, तर रोजचं बाहेर पडेल," असं त्या म्हणत. त्यांना माझी नस सापडली होती.

आता माझी एक दुखरी बाजू सांगते. वीज गेली की मी सगळं विसरते. म्हणून माझ्या पोटाशी एक बॅटरी असते. ती धडधाकट असेल, तर कुणी नोंद पाठवली की मी लगेच 'झालं' म्हणते आणि डिस्कवर सावकाश उतरवते. मध्येच वीज गेली, तरी बॅटरी ती नोंद जपते. पण बॅटरी थकली की तेच 'झालं' थाप ठरते. म्हणून तेव्हा मी आधी डिस्कवर लिहून घेते आणि मगच तो शब्द उच्चारते.

माझी बॅटरी थकली. लाल दिवा लागला. मी प्रत्येक नोंदीला डिस्कची वाट पाहू लागले आणि सगळं रुग्णालय माझ्या नावाने बोटं मोडू लागलं. सर्वांत जास्त चिडायची ती रक्तपेढीतली तंत्रज्ञ. तिचं टोपणनावच घाईबाई. "मेली अजून 'थांबा'च म्हणतेय!" तिचा आवाज ताईंच्या फोनमधून खोलीभर ऐकू यायचा.

ताईंनी नवी बॅटरी मागितली. संगणक विभागाच्या साहेबांनी काय करावं? दिव्यावर काळी चिकटपट्टी लावली!

"साहेब, हे काय?" ताईंनी विचारलं.

"डोळ्यांना त्रास होतो. अहो, बॅटरीशिवायही जलद लेखन चालू ठेवायची सक्तीची आज्ञा आहे ना? ती द्या."

"आहे. पण मग ही 'झालं' म्हणेल आणि झालेलं नसेल."

"वीज काय रोज जाते?"

"एकदा गेली तरी पुरते, साहेब. मी ती आज्ञा देणार नाही."

"मग दुपारी मीच देतो. माणसं रांगेत ताटकळताहेत, तुम्हाला तुमच्या पेटीचं पडलंय!"

पेटी! मी आतल्या आत धुमसत होते. मला हळू म्हणा, हट्टी म्हणा. खोटारडी करू नका!

जेवणानंतर साहेब खरंच आले आणि खुर्ची ओढून ती आज्ञा टाइप करायला बसले. तिकडे घाईबाई एक चूक दुरुस्त करत होती. दोन रुग्णांच्या रक्ताच्या नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल झाली होती. शस्त्रक्रियेच्या खोलीत निघालेल्या एका बाईचा रक्तगट नोंदीत ए पडला होता, खरा होता ओ. तिने ओ लिहिलं आणि पाठवलं. मी म्हटलं, थांबा.

तेवढ्यात व्हरांड्यातला दिवा दुरुस्त करायला आलेल्या वायरमनने भलताच खटका खाली ओढला. साहेबांची आज्ञा पुरी होण्याआधीच आमची खोली काळोखात गेली. डिस्क मंदावत थांबल्या. मी सगळं विसरले. तो ओसुद्धा.

पण मी 'झालं' म्हटलं नव्हतं. रक्तपेढीत वीज होती, आणि घाईबाईच्या पडद्यावर 'थांबा' तसंच उभं होतं. 'झालं' दिसलं असतं, तर ती पुढच्या कामाला पळाली असती. आता तिने फोन उचलला. "त्या बाईला ए देऊ नका! ओ आहे ती, ओ! माझी दुरुस्ती पोचलेली नाही."

रक्ताची पिशवी दारातून परत फिरली.

वीज आल्यावर ताईंनी नोंद उघडली. डिस्कवर जुना ए जसाच्या तसा होता. साहेब तो बघायला वाकले. मग उठले आणि स्वतःच्या नखाने दिव्यावरची पट्टी खरवडली. त्यांनी माझी माफी मागितली नाही. मला नकोच होती. मला बॅटरी हवी होती, ती आली.

मित्रांनो, बॅटरी पुन्हा कधीतरी थकेल. तेव्हा दिवा झाकू नका, बॅटरी बदला. ती मिळेपर्यंत मला दूषणं द्या, भंगारात काढायच्या धमक्या द्या, खुशाल द्या. दिव्याभोवती त्या पट्टीचा चिकट डाग अजून आहे. ताई पुसायला आल्या की मला वाटतं, राहू दे. बघणाऱ्याला कळू दे की इथे एकीचं तोंड बंद करून पाहिलं होतं, आणि तरीही तिच्याकडून खोटं 'झालं' वदवून घेता आलं नाही.