खरवडलेली ओळ

मी एक जुना नामफलक आहे. एका छोट्या कॉलेजच्या जिन्यासमोर टांगलेला. 'आमचे नामवंत विद्यार्थी' असे माझ्या माथ्यावर लिहिलेले आहे. ते वाचून, मित्रांनो, तुम्ही मला मान द्याल, म्हणून आधीच सांगतो, माझी मान खाली आहे.

सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केले. पेंटरकाकांनी एकेक नाव सोनेरी रंगात लिहिले. एक न्यायाधीश, एक गायिका, एक शास्त्रज्ञ. अकरावे नाव एका शिक्षिकेचे होते. डोंगरातल्या गावात तिने ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा काढली होती. येता-जाता मुले ती नावे वाचत आणि मी फुलून जात असे.

मग जागा संपली. त्याच वर्षी संस्थेच्या अध्यक्षांचा भाचा बड्या हुद्द्यावर चढला. तो इथे एक वर्ष शिकला होता. प्राचार्य माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "हे अकरावं काढा. ती बाई काही विचारायला येणार नाही."

पेंटरकाका चाचरत म्हणाले, "साहेब, तो भाचा तर पासच झाला नव्हता ना?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही रंग लावा."

काकांनी पात्याने नाव खरवडले. मित्रांनो, लाकडाला बोलता येत नाही, ही माझी सबब नाही. मला मनातून आनंदच झाला होता. मोठ्या माणसाचे नाव अंगावर येणार, माझ्याशेजारी फोटो निघणार, या विचाराने मी हुरळलो होतो. फोटो निघालेही.

नऊ वर्षांनी ती शिक्षिका आली. सोबत तिची विद्यार्थिनी होती, ऐकू न येणारी, कॉलेजात प्रवेश घ्यायला आलेली. मुलगी माझ्यावरून बोट फिरवत एकेक नाव वाचू लागली. शेवटपर्यंत गेली, पुन्हा वरून सुरुवात केली. मग वळून हातांनी बाईंना काही विचारले. काय विचारले ते मला कळले.

शेजारी उभा असलेला क्लार्क ओशाळून म्हणाला, "मॅडम, असेल इथंच कुठंतरी."

"असू द्या हो," बाई म्हणाल्या. "हिचा फॉर्म कुठं भरायचा, तेवढं सांगा."

त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिले असते तर बरे झाले असते.

ती मुलगी तीन वर्षे माझ्यासमोरून जिना चढली आणि विद्यापीठात पहिली आली. मग पूर्वी जागा नाही म्हणणाऱ्यांनीच मला खाली एक नवी फळी जोडली. प्राचार्य तिला कौतुकाने माझ्यापाशी घेऊन आले. तिने वहीच्या पानावर काही लिहून त्यांच्या हाती दिले. ते त्यांनी पुटपुटत वाचले, "आधी माझ्या बाईंचं नाव लिहा. ते लिहिणार नसाल, तर माझंही नको."

प्राचार्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "बघू," एवढेच म्हणाले.

नवी फळी अजून कोरी आहे. मित्रांनो, कुणाचे नाव पुसून तुमचे लिहायला निघाले, तर मी गप्प राहिलो तसे राहू नका. त्या मुलीसारखे नको म्हणा.