अठरा मीटर खाली

छातीइतकं पाणी

“एक मिनिट चाळीस!” चेतनाने तापीतून डोकं वर काढलं. “आप्पा, दखा ना!”

घाटाच्या पायरीवर मोबाइलवर वेळ लावून बसलेली तिची आई शीला हसली. “तुन्हा बापनं दोन मिनिट व्हतं. आखो वीस सेकंद बाकी शे.”

चेतना परवा अंदमानला निघणार. डायव्हिंगच्या बोटीवर शिकाऊ म्हणून. हे वेड तिला बापाने लावलेलं.

“श्वास धरू नको,” तिचा बाप हेमकांत पायरीवरूनच म्हणाला.

“काबरं? तठे कामले येई ना!”

शेजारी म्हशी धुणारा दोधू हसला. “मांटा मासासंगे पव्हणारा माणूस तू, नि पोरले भेवाडी ऱ्हायना?”

अठरा मीटर

ही गोष्ट गावाला पाठ आहे. तेवीस वर्षांपूर्वी बोअरवेलच्या कॉम्प्रेसरवरचा मेकॅनिक हेमकांत अंदमानात पाण्यात बुड्या मारणाऱ्यांचे हवेचे सिलिंडर भरायला गेला. तिथल्या कंपनीच्या साहेबाने त्यालाही अठरा मीटर पाण्याखाली नेलं. किनाऱ्यापासून बोटीने चौदा तासांवर एक सुळका. ज्वालामुखीचा, काळा, समुद्राच्या तळातून सरळ उठलेला.

कपारींतून कोमट बुडबुडे. वाळूत हात खुपसला तर ताज्या भाकरीसारखी ऊब. लांबवर शार्क, चरून परतणाऱ्या गुरांसारखे, कुणालाच घाई नाही.

मग वरचा उजेड गेला. मांटा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीहून रुंद. पंख हलवत डोक्यावरून गेला आणि जाता जाता एक डोळा त्याच्याकडे वळवला.

इथे हेमकांत नेहमी थांबतो. “मंग कंपनी बंद पडनी, मी परत उनू,” म्हणतो. चहा मागवतो.

पुन्हा छातीइतकं

तो पँटीसकट पाण्यात उतरला. चेतनाचा खांदा धरला.

“कंपनी बंद नही पडनी व्हती.”

“मंग?”

“पहिलाच नियम शे. पाठवर सिलिंडर ऱ्हायनं का श्वास कव्हय धरानं नही. सोडत ऱ्हावानं. माले तोंडपाठ व्हतं. पन त्यो डोक्यावरथून गया, नि मी धरी लिना. आपन आठे लहानपनथून तेच शिकनूत ना. छाती भरेल, तर मी वर वर चालनू. वर जाताना हवा फुगस. माले समजनं बी नही. फुप्फुस फाटनं.”

शीलाने मोबाइल खाली ठेवला.

“माले बी नही सांगं?”

“काय सांगू? पहिलाच नियम चुकनू म्हनू? गावमा मन्हापासे ती एकच गोष्ट व्हती.”

“चढ चढताना दम लागे तुले,” शीला हळू म्हणाली. मग तिचा आवाज चढला. “नि मी बावीस वरीस बिडीले शिव्या दिन्यात!”

चेतनाला हसू आलं. तिने ते आवरलं.

“आप्पा, वर जाताना दखा का मांटाले?”

हेमकांतने पाण्याकडे पाहिलं.

“दखा. मी वर चालनू, त्यो खालेच ऱ्हायना. मन्हाकडेच दखे.”

“आते माले शिकाड.”

“वर येताना तोंडमा आऽऽ म्हनत ऱ्हाय. बारीक. बुडबुडासनी धार तुटाले नको.”

तिने मान हलवली. ती खाली गेली.

पायरीपाशी

म्हशींनी पाणी गढूळ केलं होतं, बुडबुडे दिसेनात. हेमकांत वाकला, डोळे बारीक केले, तरी दिसेनात. ती वर आली. “व्हतात का?”

“दिसनात नही. परत जाय.”

दोधूने सगळं ऐकलं होतं. आता काहीतरी म्हणेल म्हणून हेमकांतने मान खाली घातली. दोधूने पुढच्या म्हशीच्या पाठीवर थाप मारली, दुसरीचं शिंग धरलं आणि दोघींना घाटाखाली, पाणी वाहून जातं त्या अंगाला हळूहळू नेऊ लागला.

पाणी निवळायला वेळ लागत होता. हेमकांत तिथेच उभा राहिला.