कवड्याची सोयरीक

मोऱ्या गेल्याच्या सहाव्या दिवशी जमनाच्या घरात दोन जीव उपाशी होते. एक गोठ्यात आणि एक गोठ्याच्या दारात. गोठ्यातला कवड्या बैल, दारातला तिचा नवरा लक्ष्या.

मोऱ्याला बांधावर साप चावला. नऊ वर्षं त्याच्या खांद्याला खांदा लावून नांगर ओढणाऱ्या कवड्यानं त्या संध्याकाळपासून पेंढ्याच्या काडीला तोंड लावलं नव्हतं. कवड्या खाईना म्हणून लक्ष्या खाईना. दोघं एकमेकांकडं बघत बसायचे. कोण कुणाची समजूत काढतंय ते बघणाऱ्याला कळायचं नाही.

"सुनीलच्या बा," जमना म्हणाली, "बैलाचं मी समजू शकते. त्याचा जोडीदार गेला. तुमची जोडीदारीण तर हातात भाकर घेऊन समोर उभी हाय."

"तू खा."

"माझी कवाच खाल्ली. काल तुमच्या वाटची पण खाल्ली."

हे खरं होतं. दुःखात जमनाची भूक वाढायची. सासू गेली तेव्हा ती बारा दिवसांत चांगली अंगानं भरली होती. पण सहा दिवस दोघांचं एकटीनं खाऊन आता तिलाही घास जड व्हायला लागला होता. लक्ष्याच्या गळ्याची हाडं दिसायला लागली होती, ती तिला बघवत नव्हती.

लक्ष्यानं आपल्या परीनं उपाय केले होते. परवा सकाळी जमना शेण काढायला गेली, तर हा मोऱ्याच्या खुंटीपाशी उभा. गळ्यात मोऱ्याचे घुंगूर, तोंडात पेंढ्याच्या चार काड्या. जबडा आडवा फिरवत कवड्याला चावून दाखवत होता. कवड्यानं त्याच्याकडं बघितलं आणि लाजल्यासारखी मान वळवली. शेजारचा बाबल्या तेवढ्यात विळा मागायला आला होता. त्यानं विळा काही नेला नाही, पण बातमी अख्ख्या पाड्यावर नेली.

कासावरून जनावरांचा डॉक्टर आला. त्यानं कवड्याचा ताप बघितला, पोट दाबलं, डोळ्याच्या पापण्या उलटून पाहिल्या.

"आजार काही नाही. एकटा पडलाय. सोबतीला दुसरं जनावर आणा, खाईल." मग त्याची नजर लक्ष्यावर गेली. "यांनाही काहीतरी खायला घाला."

दुसरं जनावर आणायचं कुठून? पाड्यावर घरं बावीस, मोबाइल चाळीस आणि बैल उरले तीन. त्यातला एक कवड्या, बाकीचे दोन जोडीचे आणि कामाचे. बाकीच्यांची शेतं ट्रॅक्टरच्या ओळखीची झाली होती.

यावर तोड काढली सुनेनं, रुचिकानं. तिनं कवड्याचा फोटो काढला आणि मोबाइलवर स्टेटस ठेवलं: 'जोडीदार पाहिजे. वय अकरा. रंग कवडा. शिंगं सरळ. स्वभाव शांत, कष्टाळू. कुठलंही व्यसन नाही. घरची शेती.'

दुपारपर्यंत हसणाऱ्या तोंडांचा पाऊस पडला. तलासरीच्या कुणीतरी 'मुलगा काय करतो' म्हणून विचारलं. संध्याकाळी मात्र एक खरा फोन आला, कैनाडहून. जमनाची मावसबहीण रखमी.

"आगं जमनाबाय, आमच्या भोऱ्याचा पण जोडीदार गेलाय गौरीच्या आधी! खातो बिचारा, पण मान खाली घालून. मी बोलते त्याच्याशी, पण किती बोलणार? माझ्या बोलण्यानं माझा नवरा जगला नाय, बैल काय जगंल?"

बाबल्या लगेच मध्यस्थ झाला. त्याला कुणी केलं नव्हतं, पण पाड्यावरच्या सगळ्या सोयरिकी तोच जुळवायचा, आणि या हंगामात त्याच्याकडं एकही नव्हती. फोन स्पीकरवर टाकून तो खाटेवर मांडी घालून बसला.

"पोराची उंची?"

"माझ्या कानाएवढी."

"खूर?"

"चारी शाबूत."

"दात?"

"माझ्यापरीस जास्त."

"मारकुटा?"

"माझा नवरा व्हता. हा नाय."

घराणं विचारून झालं, झोप विचारून झाली, बैल पावसात भितो का तेही विचारून झालं. जमनाला हसताना ठसका लागला. कोपऱ्यात लक्ष्या गुडघ्यांत मान घालून बसला होता, पण त्याचा एक कान फोनकडं होता. तो तिनं बरोबर हेरला.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालेली रखमी दुपारी पाड्यावर पोचली. मागं भोऱ्या, करडा, थोराड, शिंगांना गोंड्याची फुलं. वाटेतल्या तीन पाड्यांची माणसं गंमत बघायला मागोमाग आलेली. जमनानं गमतीगमतीत दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो भोऱ्यानं उचलून खाल्ला.

"दाजी," रखमी लक्ष्याला म्हणाली, "नवरा आणलाय बघा."

"आमचा पण नवराच हाय," लक्ष्या म्हणाला. मोऱ्या गेल्यापासून त्याच्या तोंडून निघालेली ती पहिली थट्टा.

भोऱ्याला गोठ्यात नेलं. दोघांनी एकमेकांची नाकं हुंगली. कवड्यानं मान वर केली. लक्ष्यानं श्वास धरला. जमनानं लक्ष्याचा हात धरला. एवढ्यात बाबल्या ओरडला, "जू आणा!"

"आधी खाऊ दे की त्याला," लक्ष्या म्हणाला.

"आरं, बैलांची ओळख जुवाखाली होते. नांगराची दोन तासं मारली की भूक आपसूक लागंल. तुझं वालाचं शेत पण होईल."

सगळ्यांना ते पटलं. कवड्या आपल्या नेहमीच्या जागी, डाव्या अंगाला उभा राहिला. भोऱ्या आला आणि तोही डाव्या अंगाला उभा राहिला. कवड्यानं त्याला ढुशी दिली. भोऱ्यानं मागून वळसा घातला आणि परत डावीकडं येऊन उभा राहिला.

बाबल्याचा चेहरा हळूहळू बदलला. "रखमे, हा कुठल्या अंगाचा?"

"डाव्या. का?"

दात, खूर, झोप, घराणं सगळं विचारून झालं होतं, आणि जे शेतकऱ्याचं पोर पहिलं विचारतं तेवढंच राहून गेलं होतं. आयुष्यभर डाव्या अंगाला चाललेल्या बैलाला उजवीकडं चाल म्हणणं म्हणजे जमनाला डाव्या हातानं भाकरी थाप म्हणणं.

"होईल सवय," बाबल्या म्हणाला. मध्यस्थाला असंच म्हणावं लागतं. चौघांनी रेटून भोऱ्याला उजवीकडं जुंपला, बाबल्यानं नांगर धरला आणि हाळी दिली.

भोऱ्या डावीकडं झुकला. कवड्या आणखी डावीकडं. नांगर शेतात शिरला तो सरळ न जाता गोल फिरला, मग आणखी गोल. बाबल्या मागं लोंबकळत, "हो! हो! हो!" बैलांना वाटलं, शाबासकी मिळतेय. ते पळायला लागले. कुंपणाची काटेरी फांदी बाबल्याच्या लुंगीला अडकली आणि लुंगी तिथंच राहिली. वऱ्हाड उलट्या दिशेनं पळालं. रखमी पोट धरून बांधावर बसली, "आई गं, मेले, मेले" करत. कुणीतरी तारपा वाजवायला घेतला, पण हसू येऊन त्याचा वाराच निसटत होता.

शेवटी जोडी पेंढ्याच्या उडवीत घुसली आणि थांबली. जू वाकडं, दोघांच्या डोक्यावर पेंढा. जमना डोळे पुसत तिथं पोचली. लक्ष्यापण हसत होता. तोंडात दात नसलेल्या जागाही दिसाव्यात, असं.

भोऱ्यानं डोक्यावरचा पेंढा जिभेनं ओढला आणि सावकाश चघळायला लागला. कवड्या त्याच्याकडं बघत राहिला. मग त्यानं मान लांब केली, भोऱ्याच्या तोंडातून बाहेर लोंबणारी काडी ओढून घेतली, आणि चावली.

लक्ष्यानं दोन्ही हात वर केले. सगळे जागच्या जागी थांबले. बाबल्यासुद्धा, लुंगी हातात धरून. अख्खं वऱ्हाड एका बैलाचं खाणं बघत उभं राहिलं.

संध्याकाळी जमनानं भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं. लक्ष्यानं दोन घास घेतले. तिसरा तोंडाशी नेला तेव्हा रखमी म्हणाली, "उद्या निघते मी. भोऱ्याला ठेव म्हणू नका, दाजी. घरी त्याच्याशिवाय माझं कोण हाय?"

लक्ष्याचा हात तिथंच थांबला. घास ताटात परत गेला.

सकाळी रखमीनं भोऱ्याला सोडलं आणि ती वाटेला लागली. अंगणाच्या टोकापर्यंत गेली असेल नसेल, कवड्यानं खुंटी उपटली आणि मागं धावला. लक्ष्यानं पळत जाऊन त्याचा दोर पकडला. कवड्या ओढत नव्हता. नुसती मान लांब करून भोऱ्या जातोय त्या बाजूला बघत होता.

जमनाच्या ओठावर बरंच काही आलं. पण पस्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं तोंड बंद ठेवलं.

लक्ष्या उभाच राहिला. मग दोर हातात घेऊन चालत रखमीपाशी गेला आणि दोर तिच्या हातात दिला.

"पाणी आधी दे. पेंढा मागनं."

"बरं, दाजी."

"कान खाजवत नको जाऊ, त्याला आवडत नाय. मानेखाली खाजव."

"बरं."

"नांगराला जुंपू नको दोघांना."

"जुंपून काय घर पाडून घेऊ?"

"आणि सांजचं त्याच्याशी बोलत जा. काहीपण बोल. त्याला..." लक्ष्या बोलत राहिला. त्याला आणखी आठवत राहिलं. आठवत राहिलं म्हणून तो रखमीच्या बाजूनं चालत राहिला, चिंचेपर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग डांबरी रस्त्यापर्यंत.

जमनाच्या लक्षात आलं. हा माणूस आता कैनाडपर्यंत थांबत नाही.

ती घरात पळाली आणि पदराला गाठ मारत बाहेर आली.

"आई, कुठं?" रुचिकानं विचारलं.

"पोराला सासरी पोचवायला."

"आणि वालाचं शेत?"

"सुनीलला म्हणावं, ट्रॅक्टर बघ. आपला बैल काय एकटा नांगरणार व्हता?"

बाबल्या लुंगी घट्ट बांधून मागोमाग निघालाच, मध्यस्थानं पोचवायला जायचं असतं म्हणून. तारपेवाला निघाला, त्याच्यामागं आणखी पाच-सहा जण. पुढं दोन डावे बैल, रस्त्याच्या एकाच कडेला, एकमेकांना ढकलत. जीपवाल्यांनी हॉर्न वाजवले. कासाच्या बाजारच्या बायकांनी जीपमधून माना बाहेर काढून विचारलं, कुणाचं लगीन?

पहिल्या चढावर लक्ष्या बोलायचा थांबला. सांगायचं संपलं असावं. दोन पावलं मागं राहून तो जमनाच्या बरोबरीनं चालायला लागला.

"भाकर आणलीस?"

"तीन."

त्यानं एक घेतली, चालत चालत मोडली आणि मोठा घास तोंडात कोंबला. मग भरल्या तोंडानं विचारलं, "चटणी?"

जमनानं पदराची दुसरी गाठ सोडली.